एकच रात्र, दोघांच्या नावावर

झाशीहून खजुराहोकडे निघालेली गाडी ओरछ्याचा फाटा मागे टाकते, नोटघाटच्या पुलावरून बेतवा ओलांडते आणि थोड्याच वेळात बरुआसागरला पोहोचते. अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे बांध घालून विस्तीर्ण तलाव केला. गावाला नाव त्यावरूनच पडले. मराठी माणसाला हे गाव परके वाटायचे कारण नाही. १७४४च्या सुमारास मराठे आणि बुंदेले इथे भिडले, आणि ओरछेकरांशी झालेल्या त्या झगड्यात राणोजी शिंद्यांचे पुत्र, महादजींचे बंधू जोतिबा पडले. नारो शंकरांनी पुढे झाशीचे ठाणे पक्के केले. १ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या सुटकेसाठी आलेल्या तात्या टोप्यांची ह्यू रोजच्या फौजेशी गाठ पडली, तीही याच बेतवेच्या काठी. तोफा आणि तलवारी इथेच ठेवून आजचे व्याख्यान मालट्रकांच्या ताडपत्रीकडे वळते.

बरुआसागरचे आले बुंदेलखंडात नावाजलेले आहे. तलावाच्या पाण्यावर भाजीपालाही मुबलक होतो. हा माल खपतो तो दूरच्या मंडईत. ग्वाल्हेर इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, कानपूर सव्वादोनशेच्या घरात, लखनौ तीनशेच्या पुढे. नकाशा नीट पाहिला तर ध्यानात येते की ही सगळी गावे एका रात्रीच्या अंतरावर आहेत. संध्याकाळी गाडी भरायची, रात्रभर चालवायची आणि मंडईत उजाडायच्या आत माल उतरवायचा, हा हिशेब त्या अंतरांनीच ठरवून दिला आहे. झाशीला तर देशाचे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. श्रीनगर ते कन्याकुमारी हा उत्तर-दक्षिण आणि पोरबंदर ते सिल्चर हा पूर्व-पश्चिम. एवढ्या मोक्याच्या जागी राहूनही बरुआसागरच्या गाडीला आधी आपला झाशी-खजुराहो रस्ता पार करावा लागतो, आणि त्याच रस्त्याचे चौपदरीकरण गेल्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षानुवर्षे चालले होते. अर्धा रस्ता उकरलेला, अर्ध्यावरून दोन्ही बाजूंची वाहतूक, वळणरस्त्यावर धुळीचे ढग. हे चित्र महाराष्ट्रातून आलेल्या कुणालाही नवे वाटणार नाही.

नवे वाटायला हवे ते एवढेच, की या काळात रात्रीच्या मालवाहतुकीचे काय झाले याचा हिशेब इथेही कुणी ठेवला नाही आणि महाराष्ट्रातही नाही.

रस्त्याचे काम लांबले की वर्तमानपत्रात फोटो येतो तो सकाळच्या कोंडीचा. नोकरदार अडकले, शाळेची बस अडकली, रुग्णवाहिका अडकली. यांतली प्रत्येक तक्रार खरी आहे. पण ज्या गाड्यांचा सारा धंदाच रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात असतो, त्यांची कोंडी कुणी पाहत नाही, कारण पाहणारे तेव्हा झोपलेले असतात. मुंबईत सकाळी दारात येणारे दूध, भाजीवाल्याच्या टोपलीतली मेथी, औषधाच्या दुकानातले खोके, किराणा दुकानदाराने काल फोनवर सांगितलेली पोती, हे सगळे रात्रीच्या गाडीने आलेले असते. ही गाडी वेळेवर आली तर तिची दखल घेण्याचे कारणच उरत नाही.

वाशीच्या बाजार समितीचे भाजी मार्केट घ्या. रोज पाचेकशे-सहाशे गाड्या तिथे येतात. नाशिक, नारायणगाव, सातारा, सांगली अशा चहूबाजूंनी. व्यापार मध्यरात्रीनंतर सुरू होतो आणि उजाडल्यावर थोड्याच वेळात ओसरतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे किरकोळ विक्रेते पहाटे माल उचलतात, कारण त्यांना सकाळी आठच्या आत आपली गाडी लावायची असते. पहाटे तीनला पोहोचलेल्या कोथिंबिरीला एक भाव, सकाळी सातला पोहोचलेल्या त्याच कोथिंबिरीला दुसरा, आणि नऊला पोहोचली तर अडत्या विचारतो, आता हिचे काय करायचे? गाडीचे भाडे मात्र तिन्ही वेळा तेच. तोटा कुणी सोसायचा यावर शेतकरी, गाडीमालक आणि अडत्या यांच्यात जी बाचाबाची होते, तिच्यात रस्ता खोदणाऱ्याचे नाव कधी निघत नाही.

इथे एक बारकावा आहे आणि सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. उशिरापेक्षा अनिश्चितता जास्त मारते. रोज तीन तास उशीर होणार हे नक्की असेल तर चालक तीन तास आधी निघेल. त्यालाही किंमत आहेच. संध्याकाळी पाचला भरायची गाडी दुपारी दोनला भरायची तर भाजी भर उन्हात तोडावी लागते, मजूर बायांना चटके सोसत वाफ्यात उतरावे लागते आणि माल अर्धा तिथेच माना टाकतो. म्हणजे शंभर किलोमीटरवरचा खोदलेला पूल शेतातल्या कामाची वेळ बदलतो. तरीही हे सोसता येते. पण आज अर्धा तास, उद्या पाच तास, परवा रस्ता मोकळा, असे असेल तर कुठलेच वेळापत्रक बसत नाही. मग गाडीमालक एक गाडी जास्त ठेवतो, दुकानदार चार दिवसांचा माल जास्त भरतो, कारखानदार गोदाम वाढवतो. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामानंतर सौगतो दत्ता या अर्थतज्ज्ञाने जे संशोधन केले, त्यात सुधारलेल्या महामार्गांवरच्या कारखान्यांनी कच्च्या मालाचा साठा सहा ते बारा दिवसांच्या उत्पादनाइतका कमी केल्याचे दिसले. चांगला रस्ता झाला आणि भांडवल मोकळे झाले. आता हेच गणित उलटे मांडून पाहावे. जो रस्ता दहा वर्षे अर्धवट राहतो, तो तितकी वर्षे गोदामात कुणाचे तरी पैसे कुजवत ठेवतो.

गाडीमालकाचे गणित त्याहून साधे आहे. समजा, एक आयशर महिन्याला पंचवीस फेऱ्या करते. त्यातल्या वीसपर्यंतचे उत्पन्न कर्जाचा हप्ता, विमा, कर, टायर, चालकाचा पगार-भत्ता आणि डिझेल यांत जाते, वरच्या पाच फेऱ्यांवर मालकाचे घर चालते. कोंडीमुळे परतीची गाडी वेळेत आली नाही की दुसऱ्या दिवसाचे भरणे हुकते. फेऱ्या पंचवीसवरून वीसवर येतात. गाडी रोज धावते आहे, चालक रोज दमतो आहे, आणि मालकाच्या हाती काही उरत नाही. बँकेचा हप्ता फेऱ्या मोजत नाही. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्या हे पाचपन्नास गाड्यांवर पसरवून तग धरतात. एक किंवा दोन गाड्यांचा मालक गाडी विकतो आणि दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून बसतो. आपल्या देशातली बरीचशी ट्रकवाहतूक अशाच लहान मालकांच्या हातात आहे.

आता रात्रीकडे येऊ.

ठाणे, मुंबई, पुणे अशा शहरांनी अवजड वाहनांना दिवसाच्या गर्दीच्या वेळी बंदी घातली आहे. कारण पटण्यासारखे आहे. त्याचा अर्थ, ट्रकला सांगितले की तू रात्री ये. रस्त्याचे काम करणाऱ्या यंत्रणेलाही तोच सल्ला मिळतो: दिवसा लोकांना त्रास नको, तुळया रात्री चढवा, डांबर रात्री टाका. दोन्ही निर्णय एकेकटे पाहिले तर शहाणपणाचे. एकत्र पाहिले तर एकच रात्र दोघांच्या नावावर करून दिलेली, आणि दोघांपैकी कुणालाही ती पुरेशी नाही. प्रस्तुत वक्त्याच्या मते मालवाहतुकीच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. खड्डे, ठेकेदार, जमिनीचे वाद ही त्याची नेहमीची कारणे झाली. ही मात्र नियोजनातच असलेली खोट आहे, आणि कागदावर ती दिसत नाही, कारण बंदीचा आदेश वाहतूक पोलिसांच्या फाइलीत असतो आणि कामाचे वेळापत्रक बांधकाम यंत्रणेच्या.

घोडबंदर रस्ता हे याचे ठसठशीत उदाहरण. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर, भिवंडीच्या गोदामांतून वसई-विरारकडे निघालेले टेम्पो, सगळे गायमुखच्या घाटातून जातात. त्याच रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळण्याचे काम निघाले आणि घाटातला रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्तीला काढावा लागला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अशाच दुरुस्तीसाठी अवजड वाहने वळवली गेली आणि सगळा भार मुंबई-अहमदाबाद महामार्गावर येऊन पडला. त्या महामार्गाची आधीच दहिसरपासून गुजरातच्या हद्दीपर्यंत, सुमारे १२१ किलोमीटर, डांबरावर काँक्रीटचा थर देण्याच्या कामाने दैना झालेली होती. वसईजवळ शाळेच्या सहलीच्या बारा बस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अडकल्या. उपाशी मुलांच्या बातम्या राज्यभर गाजल्या आणि गाजायलाच हव्या होत्या. त्या बसच्या पुढे-मागे उभ्या असलेल्या शेकडो ट्रकमध्ये काय होते, त्यातले किती नासले, चालकांनी रात्र कशी काढली, हे कुठेही छापून आले नाही. जणू कोंडी ट्रकने केली आणि सोसली फक्त बसने.

भिवंडीचे तर विचारूच नये. एके काळी यंत्रमागांसाठी ओळखला जाणारा हा तालुका आता गोदामांचा झाला आहे. मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांतून मुंबईच्या ऑनलाइन खरेदीची खोकी निघतात. त्याला लागून मुंबई-नाशिक महामार्ग. वडपे ते माजिवडा हा सुमारे २४ किलोमीटरचा तुकडा आठपदरी करायचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाने २०२१ मध्ये हाती घेतले. साकेत आणि खारेगावचे खाडीपूल हे त्यातले अरुंद गळे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. नागपूरहून आठ तासांत येण्याची सोय झाली. आमण्याला उतरले की पुढे हाच चोवीस किलोमीटरचा तुकडा. संत्र्यांचा ट्रक विदर्भ, मराठवाडा आणि नाशिक जिल्हा झपाट्याने पार करतो आणि ठाण्याच्या वेशीवर येऊन रांगेत उभा राहतो. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कमजोर कडीइतकीच असते, हे जगजाहीर आहे. निविदा मात्र प्रत्येक कडीची वेगळी निघते.

रात्रीच्या कामाची आणखी एक किंमत आहे. ३१ जुलै २०२३च्या रात्री याच समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळले आणि वीस जणांचा जीव गेला. रात्रीचा ट्रकचालक आणि रात्रीचा मजूर यांना एकमेकांचे शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. दोघेही झोपेच्या वेळी काम करतात, दोघेही परगावचे, आणि दोघांमध्ये असतात ती वाळूची चार पिंपे आणि एक विझलेला दिवा. कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळावी यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची सविस्तर मार्गदर्शिका आहे. सूचनाफलक किती आधी लावायचे, मार्गिका कशी निमुळती करत न्यायची, रात्री काय चमकले पाहिजे, सगळे तिच्यात लिहिलेले आहे. २०१४ मध्ये ती सुधारूनही झाली. अंधारात अचानक समोर येणारा मातीचा ढीग पाहिलेल्या चालकाला हे सांगितले तर तो हसेल.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय मराठी श्रोत्यांपुढे पुरा होणार नाही. बरुआसागरहून कोकणात उडी मारायला एक दुवाही आहे. १८५८च्या वेढ्यात झाशीत अडकलेले विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून आला, तेव्हापासून मराठी वाचकांना झाशीची वाट ठाऊक आहे. वरसईचा हा भिक्षुक पायी आणि गाडीने उत्तरेत गेला, लुटला गेला आणि अखेर घरी परतला. त्याच्या पेणवरून आज जो महामार्ग जातो, त्याचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा पहिला टप्पा २०११ मध्ये कामाला लागला. तीन वर्षांत तो पुरा व्हायचा होता. ठेकेदार रखडला, पैसे अडकले, जमिनीच्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला दहादहा वारस निघाले. इंदापूरच्या पुढचे झारापपर्यंतचे काम दहा तुकड्यांत वाटून वेगळ्या ठेकेदारांना दिले गेले. त्यातले काही तुकडे वेळेच्या आसपास झाले, काही तसेच लोंबकळले. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणमध्ये बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, सरकारने तिथे तारखा दिल्या, त्या उलटल्या, नव्या दिल्या.

या सगळ्या काळात हापूस मात्र दर वर्षी मार्चलाच पिकत राहिला. देवगड, रत्नागिरीहून संध्याकाळी पेट्या भरून निघालेली गाडी पहाटे वाशीला पोहोचली पाहिजे. अंतर साडेतीनशे-चारशे किलोमीटरचे. आंब्याला उशीर एक वेळ चालतो, हादरे चालत नाहीत. पेटीत पेंढ्यावर नीट रचलेले फळ शंभर खड्ड्यांतून आले की वरून टवटवीत दिसते आणि दोन दिवसांत देठाशी काळे पडते. गिऱ्हाईक बागायतदाराला नावे ठेवते. मासळीचे उलट. तिला हादरे चालतात, वेळ चालत नाही, कारण बर्फ वितळतो. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या गाडीत बर्फ किती घालायचा हा हिशेब रस्त्यावर ठरतो, आणि जितका बर्फ जास्त तितकी मासळी कमी मावते.

याच महामार्गावरच्या परशुराम घाटाचे रुंदीकरण करण्यासाठी २५ एप्रिल २०२२ पासून महिनाभर तो रोज दुपारी काही तास पूर्ण बंद ठेवला गेला. ऐन आंब्याच्या हंगामात. तरीही प्रस्तुत वक्ता त्या निर्णयाच्या बाजूचा आहे, कारण तो आधी जाहीर झाला होता आणि वेळा ठरलेल्या होत्या. बारा ते पाच बंद म्हणजे बंद. चालकाने चिपळूणला किंवा लोट्याला जेवायचे, झोपायचे आणि मग निघायचे. दुसरा अनुभव करूळ घाटाचा. वैभववाडीहून गगनबावड्याला, म्हणजे सिंधुदुर्गातून कोल्हापूरला चढणारा हा घाट २२ जानेवारी २०२४ रोजी कामासाठी बंद झाला तेव्हा मार्चअखेरपर्यंतची मुदत सांगितली होती. प्रत्यक्षात वर्ष उलटले. कोल्हापूरच्या बाजारातून तळकोकणात येणारा किराणा, भाजी, दूध, पशुखाद्य सगळे फोंडाघाटाकडे वळले. भाड्यात वाढ झाली, ती दुकानदाराने भावात घातली, आणि वैभववाडीच्या गिऱ्हाइकाने रस्त्याच्या कामाचा एक हप्ता आपल्या खिशातून भरला. असा हप्ता सरकारच्या कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर सोळा टनांवरच्या वाहनांना दर वर्षी बंदी असते. दूध, भाजी, इंधन, औषधे यांना सूट मिळते. सूट मिळणाऱ्यांच्या यादीत महामार्गाच्या कामाचे साहित्य वाहणारी वाहनेही असतात. चाकरमान्यांना वाट मिळावी म्हणून सिमेंटची पोती दुकानदारासाठी थांबतात आणि रस्त्यासाठी धावतात. हे अगदी तर्काला धरून आहे, तरी हसू येते.

आणि ज्यांना वाटते की आपल्याकडे कामे अशीच व्हायची, त्यांनी सावित्री आठवावी. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन बस माणसांसकट गेल्या. तिथे नवा पूल १६५ दिवसांत बांधला गेला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. तोच महामार्ग, तेच खाते, तोच पाऊस.

कायद्याच्या बाजूने चालकाला काय मिळत आले? १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा तास काम ठरवले. पण वाहतूक खोळंबली तर ही मर्यादा ओलांडायला त्यातच मुभा होती. कायदा करणाऱ्यांनी खोळंबा हा अपवाद धरला होता. ज्या रस्त्यावर वर्षानुवर्षे रोज खोळंबा होता तिथे अपवादच नियम झाला आणि दहा तासांची मर्यादा कागदावर राहिली.

वस्तू आणि सेवा करानंतर जकात नाके गेले, याचा ट्रकवाल्यांना खरोखर आनंद झाला होता. त्याबरोबर मालासोबत बाळगायचे ई-वे बिल आले. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालासाठी दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत आहे. मुदत संपली तर ती संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यावी लागते, नाहीतर गाडी अडवली जाऊ शकते आणि कराच्या दुप्पट दंड मागितला जाऊ शकतो. ताज्या भाजीला हे बिल लागत नाही. पार्सलच्या गाडीत मात्र वीस व्यापाऱ्यांची वीस बिले असतात आणि चालकाचा मोबाइल चार्ज नसतो. हैदराबादला जानेवारी २०२० मध्ये आंदोलनामुळे रस्ते बंद झाले, कागदाची खोकी वेळेत पोहोचली नाहीत, बिलाची मुदत गेली आणि अधिकाऱ्याने माल अडवून ६९ हजार रुपये वसूल केले. सत्यम शिवम पेपर्स या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने कौल दिला. रस्ता बंद असताना मुदत संपली, एवढ्यावरून कर चुकवण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असे ठरले. वर खात्यालाच दाव्याचा खर्च भरावा लागला. पण ६९ हजारांसाठी दिल्ली गाठणे किती जणांना परवडते?

टोलचेही असेच. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा नाक्यावरची वसुली तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये थांबवली, कारण महामार्गावर भुयारी मार्गांची कामे अर्धवट होती आणि वाहने तासन्‌तास अडकत होती. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरन्यायाधीश होते अमरावतीचे भूषण गवई. पासष्ट किलोमीटरला बारा तास लागत असतील तर माणसाने दीडशे रुपये का मोजावेत, असा सरळ प्रश्न त्यांनी विचारला आणि वसुली थांबवण्याचा निर्णय कायम राहिला. हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक नाक्यावर लावण्याजोगा आहे. पैसे घेताना रस्त्याची वेळ मोजली जावी, ही मागणी अजून कुठल्या मोर्चाच्या फलकावर दिसत नाही.

मग ट्रकवाल्याने करायचे काय? कोकण रेल्वेने याचे एक उत्तर फार पूर्वीच दिले. २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाड ते वेर्णा ही रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक तसाच वाघिणीवर चढतो, चालक केबिनमध्ये झोपतो आणि चारशेहून अधिक किलोमीटरचे घाट रुळांवरून मागे पडतात. पुढे ती सुरतकलपर्यंत वाढली. डिझेल वाचते, टायर वाचतात, माणूस वाचतो. मात्र अधल्यामधल्या गावांतून माल भरणाऱ्या छोट्या टेम्पोला तिचा फारसा उपयोग नाही. देवळालीहून दानापूरला ७ ऑगस्ट २०२० रोजी निघालेली पहिली किसान रेल्वेही भाड्यातल्या सवलतीच्या जोरावर चालली. बरुआसागरलाही झाशी-माणिकपूर मार्गावर जुने स्टेशन आहे. पण मंडईच्या पहाटेशी जुळणारी मालगाडी असल्याशिवाय स्टेशन असून भागत नाही.

बाहेर जगात यावर काही तोडगे निघाले आहेत. लंडनमध्ये २०१२ पासून गजबजलेल्या रस्त्याची मार्गिका अडवणाऱ्या कंपनीला दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत भाडे भरावे लागते, त्यामुळे काम लवकर उरकण्याची घाई ठेकेदारालाच होते. जपानमध्ये तोमेईसारख्या द्रुतगती मार्गांची दुरुस्ती वर्षातल्या ठरावीक दिवसांत एकवटतात आणि त्या तारखा आधीपासून जाहीर करतात. आपल्याकडे काम लांबले तर ठेकेदाराला मुदतवाढ मिळते. ट्रकवाल्याला मुदतवाढ देणारे कुणी नाही, ना बँक, ना मंडई, ना आंबा.

या सभागृहात व्यापारी असतील, बागायतदार असतील, नगरसेवकही असतील. त्यांच्याकडे एक मागणे आहे. आपल्या भागात पुढच्या वेळी रात्रीच्या कामाची नोटीस लागेल, तेव्हा संबंधित कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारावे की या रस्त्याने रात्री अकरा ते पहाटे पाच किती मालवाहू गाड्या जातात, हे मोजले आहे का. मोजले नसेल तर आधी मोजा म्हणावे. मोजले असेल तर बंदच्या वेळा पंधरा दिवस आधी मंडईच्या फलकावर लावायला सांगावे, आणि थांबलेल्या गाड्यांसाठी दिवा, पाणी आणि संडास असलेली मोकळी जागा नकाशावर दाखवायला सांगावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.